ताई, आवाजासाठी आले होते आणि तुम्ही शुगरचं विचारलंत

ताई, समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच पुढच्या पेशंटला हाक मारता, म्हणून लिहूनच टाकते, आणि सगळ्यांसमोर लिहिते कारण शुगर असलेल्या आणि आवाज बसलेल्या अजून चार जणांनी हे वाचलं तर बरंच आहे.

माझं कामच दिवसभर फोनवर बोलायचं. आवाज इतका घोगरा झालेला की समोरचे मला बिनधास्त "सर" म्हणायचे, आधी हसू यायचं नंतर रडू. संध्याकाळी तर वाक्याचा शेवट ऐकूच जायचा नाही. घरचे म्हणायचे थंड खाल्लं असशील, एका डॉक्टरांनी गोड सिरप लिहून दिलं (शुगरच्या पेशंटला!!). तुम्ही स्पीच थेरपिस्ट, मला वाटलं आल्या आल्या "आ" म्हणायला लावाल, तर पहिला प्रश्न काय, रात्री लघवीला किती वेळा उठता? मला वाटलं दुसऱ्याच कुणाची फाईल उघडलीये.

मग तुम्ही समजावलंत की शुगर वाढलेली राहिली की लघवीवाटे पाणी जातं, अंग कोरडं पडतं आणि स्वरतंतूंवरचा पातळ ओलावा चिकट होतो, आणि बाईमाणूस बोलते तेव्हा हे तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात, मग कोरडे असतील तर सुजणारच ना. प्यायलेलं पाणी तंतूंवर पडतच नाही, ते अन्ननलिकेत जातं, ओलावा आतून पोचावा लागतो, म्हणजे शुगर जागेवर नसताना नुसती बाटली जवळ ठेवून भागत नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. चिकट वाटलं की खाकरायचं, खाकरलं की अजून सूज, सूज आली की परत घशात काहीतरी अडकल्यासारखं. या चक्रातून तुम्ही मला काढलंत, खाकरायच्या ऐवजी एक घोट गिळ म्हणालात, इतकं साधं.

पण व्यायाम लगेच दिले नाहीत याचे आभार जास्त. आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलाय म्हणजे आधी ईएनटीकडे दुर्बिणीने बघून घ्या, म्हणून परत पाठवलंत. तेव्हा राग आला होता खरं तर. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात हे माहीत होतं, पण कधी कधी आवाजाच्या नसेलाही त्रास होऊ शकतो हे तुमच्याकडूनच कळलं. जी नस जठर हलवते तिचीच फांदी स्वरयंत्राला जाते, डावीकडची तर छातीत उतरून हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर येते! माझे दोन्ही तंतू नीट हलत होते, फक्त सूज आणि मागच्या बाजूला ऍसिडची लाली. पोट हळू रिकामं होतं, जेवून आडवं झालं की ऍसिड वर येतं, म्हणून रात्रीचं जेवण लवकर.

आणि ती गोळी! माझ्या गोळ्यांची पिशवी उलटी करून बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बीपीची रामिप्रिल बघून विचारलंत, कोरडा खोकला येतो का? येत होताच की, मला वाटायचं घशाचाच भाग. तुम्ही गोळी बंद करा असं म्हणाला नाहीत, डॉक्टरांना चिठ्ठी दिलीत, त्यांनी ती बदलली आणि काही आठवड्यांत खोकला हळूहळू गेला. तसंच कुणीतरी सुचवलेल्या स्टिरॉइडच्या कोर्सचं, शुगर त्याने चढते, आधी शुगरच्या डॉक्टरांना विचारा हे तुम्ही दोनदा बजावलंत.

बाकी स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढत आवाज काढायचा, तोंड मिटून "म्म्म" करायचं, कुजबुजून बोलायचं नाही कारण त्यानेही घशावर ताण येतो, हे सगळं चालू आहे. ऑफिसमध्ये लोक बघतात, बघू देत.

अजून एक, तुम्ही सांगितलेलं इथे मुद्दाम टाकते. घोगरा आवाज वेगळा आणि बोलणं अचानक जड, अडखळत होणं वेगळं. तसं झालं तर घसा बघत बसायचं नाही, लगेच शुगर तपासायची, कमी असेल तर गोड द्यायचं, पण गिळता येत असेल तरच, आणि शुगर ठीक असूनही बोलणं तसंच असेल तर थेट हॉस्पिटल.

माझ्या भावालाही शुगर आहे आणि त्याचाही आवाज कधीचा बसलाय, "घशाचा आणि शुगरचा काय संबंध" म्हणून माझ्याशी भांडतो. त्याला तुमच्याकडे पाठवतेय, गोळ्यांची पिशवी घेऊनच. दुर्बिणीला घाबरतो तो, तेवढं तुम्हीच बघा.