मथळ्यात सर्वसाधारण दर छापा

महोदय,

लासलगावला कांद्याच्या एखाद्या ट्रॉलीला चढा भाव मिळाला की दुसऱ्या दिवशी तोच आकडा मथळ्यात झळकतो. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. बहुतेक शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबपट्टीवर उतरतो तो तिसऱ्याच्या आसपासचा. गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि साठवणुकीच्या चाळीत मऊ पडलेला उन्हाळ कांदा त्याहूनही खाली जातो. मथळा वाचून मुंबई-पुण्याचे पाहुणे मात्र ‘यंदा मजा आहे तुमची’ म्हणून फोन करतात! वर भाव वाढल्याची ओरड सुरू झाली की निर्यातबंदीची टांगती तलवार आहेच. डिसेंबर २०२३ची अजून विसरलेलो नाही. तेव्हा सर्वसाधारण दर ठळक छापा, शेजारी आवकेचे क्विंटल द्या. कमाल दर आतल्या पानात गेला तरी आमची तक्रार नाही.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक