प्रशिक्षकपद: आधी खेळाडू पाहा

महोदय,

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील मुख्य प्रशिक्षकपदांची तुलना करताना आपले क्रीडाप्रेमी स्टेडियम आणि पगारच बघतात. खरा प्रश्न असतो, जवळपासच्या शाळांत खेळाडू किती? जॉर्जिया, टेक्सासच्या विद्यापीठांना ते दाराशी मिळतात. नेब्रास्का विद्यापीठाला परराज्यांतून आणावे लागतात, तिथेच दमछाक होते. २०२५पासून प्रत्येक विद्यापीठ सर्व खेळांत मिळून खेळाडूंना ठरावीक मर्यादेपर्यंत थेट पैसे देऊ शकतं (२०२५-२६मध्ये ही मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर होती), त्या पैशासाठी विद्यापीठांच्या देणगीदारांचं वजन वाढलंय. त्यांची घाईही महागात पडते: टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३मध्ये करार संपण्याआधीच प्रशिक्षक काढला, तेव्हा त्याला द्यायची भरपाई सुमारे ७.६ कोटी डॉलरवर गेली!

सोलापुरातही प्रशिक्षक नेमण्याआधी बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरच्या शाळांतून मुलं कशी येणार, ते ठरवा.

– एक क्रीडाशिक्षक, सोलापूर