चादर उसवताना

सोलापूर

प्रिय दोस्ता,

'चित्रं सोडून नाटकं करायलास म्हणे' असं टोचून लिहिलंस, म्हणून हे लांबलचक पत्र. नाटक नव्हतं बे ते, परफॉर्मन्स आर्ट होती, म्हणजे कलाकाराने लोकांसमोर स्वतः काही करणं हीच कलाकृती. नाटकात आज फाडलेली चादर उद्याच्या प्रयोगाला पुन्हा अखंड लागते. माझी कायमची गेली.

वर्गाचं समूह प्रदर्शन होतं. भिंतींवर नेहमीचंच: सिद्धेश्वर तलावाचे जलरंग, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, वारकरी. शिवाय घोडे रंगवणारे चित्रकार हुसेन पंढरपुरात जन्मले, त्यामुळे आमच्याकडे दोन-चार घोडे हवेतच. मी मधोमध फरशीवर सोलापुरी चादर पसरली आणि हॉल उघडल्यापासून ती उसवत बसलो. बोलायचं नाही, कात्री लावायची नाही, हॉल बंद होईपर्यंत उठायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. काठाची शिलाई तेवढी घरून काढून आणली होती.

सरांनी आधी बरंच वाचायला लावलं. जपानी कलाकार योको ओनोने १९६४ साली क्योतोमध्ये स्टेजवर गप्प बसून लोकांना तिच्या अंगावरचे कपडे कापू दिले, ते तुला माहीत असेल. मला जास्त भिडला तैवानी कलाकार तेहचिंग श्ये. १९८० ते ८१, न्यूयॉर्कमध्ये अख्खं वर्ष, रात्रंदिवस दर तासाला हजेरीच्या यंत्रात कार्ड पंच करत राहिला. हे आजोबांना सांगितलं. गिरणीच्या भोंग्यावर उठबस केलेला माणूस! म्हणाले, "हजेरी लावली ते ठीक, पगार किती पडला?" एवढा नेमका प्रश्न आमच्या वर्गात कुणी विचारला नव्हता.

सकाळी लोक वळसा घालून जात होते. मग एक काकू थांबल्या. "अहो, चांगली चादर का नासवताय? कुणाला तरी पांघरायला द्या की!" मला बोलायचं नव्हतं. त्या बराच वेळ उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या, मग मैत्रिणीला बोलावून आणलं आणि दोघी मिळून रागावल्या. खरं सांगू, दिवसभरातली सगळ्यात गंभीर समीक्षा तीच. बाकीच्यांनी 'छान, वेगळं आहे' म्हणून फोटो काढले.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, विणकरांच्या पूर्व भागातले, बोलण्यात तेलुगू मिसळलेलं. खाली बसले, मी काढलेला धागा चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि जमलेल्यांना सांगायला लागले, "हे धोट्याच्या मागावरचं काम. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. आडवा धागा काठाला पोचला की वळून परत येतो, तुटत नाही, बघा. नव्या रॅपियर मागाला धोटाच नसतो. तिथं प्रत्येक आडवा धागा काठाला कापला जातो. तसली चादर उसवली असती तर पोराच्या हातात नुसते तुकडे आले असते." मग जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, नक्षी कशी उठते, पुढच्या बाजूचा रंग मागे उलटा का दिसतो, हेही सांगून झालं. मी मुका, त्यामुळे गर्दी सगळी त्यांच्याभोवती. एकाने तर त्यांनाच विचारलं, "हे तुमचं प्रदर्शन का?"

पुढे त्यांनी न विचारता धागा बोटांवर गुंडाळायला घेतला. मी सोडायचा, ते गुंडाळायचे. प्रेक्षकाने काय करायचं नाही, हे मी ठरवलंच नव्हतं, आणि ते बरं झालं. मुंबई-दिल्लीच्या गॅलरीत लोक हाताची घडी घालून 'याचा अर्थ काय' विचारत असतील. इथे प्रत्येकाच्या घरात कुणीतरी माग चालवलेला किंवा धोट्यासाठी धाग्याची कांडी भरलेली. माझ्या वस्तूबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू म्हणशील मग कलाकार कशाला? मला वाटतं, बसायला जागा करून द्यायला. तुला पटणार नाही, माहीत आहे. भांड.

संध्याकाळी बोटांची सालं निघाली होती, नाकात कापसाचा भुगा, आणि चादर संपली किती? दोनेक वीत! व्हिडिओ अगदीच कंटाळवाणा झालाय, पाठवत नाही.

उरलेली चादर मला मुंबईत उसवायची आहे, तुझ्या कॉलेजच्या व्हरांड्यात. जिथे धोटा कुणी पाहिलाच नाही, तिथे लोक काय बोलतात ते ऐकायचंय. फरशीवरची जागा हवी, स्टेज अजिबात नको. परवानगी कुणाकडे मागायची ते बघ आणि लवकर कळव, म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढतो.

तुझाच,
चादरवाला