निर्माल्य पुण्यातून पंढरपूरला जातंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा आपला अंक वाचला. पहिल्याच पानावर घाट झाडणाऱ्या मुलामुलींचा फोटो, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, आणि मधोमध एक पुढारी, त्यांनी झाडू असा धरलाय की घरी कधी हातात घेतला नसणार हे कुठल्याही बाईला लांबूनच कळेल. मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही हो, रात्रभर जागून सकाळी घाटावर यायचं सोपं नाही. पण फोटो बघून वाटलं की हे झालं एका दिवसाचं, बाकीच्या दिवसांचं काय, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल.

मी सिंहगड रोडला विठ्ठलवाडीजवळ राहते. रोज सकाळी पुलावरून फिरायला जाते आणि रोज एकच सीन बघते. स्कूटर येऊन कडेला थांबते, पुढचा माणूस गाडी चालूच ठेवतो, मागची बाई उतरते, पिशवी कठड्यावरून खाली सोडते, दोघं नदीला नमस्कार करतात आणि जातात. वीस सेकंदाचा कार्यक्रम. पिशवीत काय तर आठवड्याचं निर्माल्य, वरून घट्ट गाठ मारलेलं, म्हणजे ते फूल पाण्याला सुद्धा लागायचं नाही. पुलांना जाळ्या लावल्यात, त्या जाळ्यांना भोकं पाडलीत, आणि भोकाजवळ चक्क वाट पडलीय येऊन जाऊन. पालिकेचा दंडाचा बोर्ड आहे, त्याला सुद्धा कुणीतरी हार अडकवलेला मी बघितलाय.

आता ही माणसं वाईट नाहीत. देवाला वाहिलेलं फूल पायदळी येऊ नये ही भावना आहे आणि ती मला पूर्ण पटते, मी पण त्यातलीच, माझी आई तर निर्माल्य पदरात घेऊन नदीवर जायची. पण तेव्हा त्यात असायचं काय, दोन जास्वंदी, दूर्वा, बेल, तुळस, फार तर केळीचं पान. आताच्या हारात थर्माकोलचे मणी, चंदेरी दोरी, तार, स्टेपलरच्या पिना आणि प्लास्टिकचं ऑर्किड, वर कापराची डबी आणि उदबत्तीचं पाकीट. आणि नदी तरी तेव्हाची कुठे राहिलीय. खडकवासल्याच्या खाली मुठेत पावसाळा सोडला तर धरणाचं पाणी असतं किती आणि नाल्यांचं किती हे नाकाला विचारा.

आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी देवळात बसतो. त्यात एक आजी आहेत, वर्षानुवर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालत जातात, दिवे घाट अजून आमच्या आधी चढतात. तीन वर्षांपूर्वी आषाढीनंतर त्या परत आल्या आणि भजन संपल्यावर म्हणाल्या, "अगं तुम्ही इथं टाकता ना, ते मी तिथं अंगावर घेते." आम्ही म्हणलं म्हणजे काय आजी? तर म्हणाल्या, "मुठा जाते कुठं? मुळेला. मुळा-मुठा जाते कुठं? भीमेला. आन् भीमा पंढरपुरात गेली की तिलाच चंद्रभागा म्हणतात न्हवं?"

खरं सांगते, भूगोलात हे सगळं शिकलोय आम्ही. संगमावर मुळा-मुठा एक होतात, रांजणगाव सांडसला भीमेला मिळतात, तिकडे इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते, मग दौंड, मग उजनी, मग पंढरपूर. आषाढीला भाविकांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडल्याची बातमी आपणच छापता. पण पुलावरून पिशवी टाकताना आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून डोक्यावर पाणी घेताना ही दोन्ही पाणी एकच आहेत असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आळंदीच्या फेसाचे फोटो बघून आपण हळहळतो, तो कारखान्यांचा आणि सांडपाण्याचा दोष आहे म्हणून सोडून देतो, आणि संध्याकाळी आपली पिशवी घेऊन पुलावर जातो.

तर त्या गुरुवारी ठरलं. देवळात एक निळा ड्रम आणला, तळाला आणि बाजूला भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, वर सुकी पानं, मग निर्माल्य, वर परत पानं, आणि आंबट ताकात थोडा गूळ घालून शिंपडायचं. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या खेपेला आमची चांगली फजिती झाली. हार तसेच्या तसे टाकले, दोरे कापले नाहीत, दोन महिन्यांनी काठीने ढवळायला गेलो तर सगळं दोऱ्यात गुंतून जटा झालेल्या, निम्मा ड्रम एकदम उचलून वर आला. अक्षता आणि ओटीचे तांदूळ तसेच टाकल्यामुळे उंदीर आले. पानं कमी पडली म्हणून वास सुटला आणि अळ्या झाल्या, शेजारच्या सोसायटीतले लोक भांडायला आले, विश्वस्तांनी सांगितलं की चार दिवसात हे उचला. त्यांचं तरी काय चुकलं, वास खरंच येत होता.

तेव्हा आमच्या गुरुजींनी वाचवलं. आरतीनंतर माइक हातात घेऊन म्हणाले की निर्माल्य हा देवाचा प्रसाद आहे, त्याचं खत करणं ही सुद्धा सेवाच, आणि उद्यापासून देवाला दोऱ्यात ओवलेला साधा हार आणायचा, प्लास्टिकचा आणलात तर मी देवाला घालणार नाही. बास! एवढंच बोलले. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या फुलवाल्या मावशींनी थर्माकोलचे मणी बंद केले. पालिकेच्या बोर्डाने जे इतक्या वर्षात झालं नाही ते दोन मिनिटात झालं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हे असंच होतं. भाविक माणसाला तू घाण करतोस म्हणलं की तो चिडतो, आणि त्याला देवाचं आहे, इकडं द्या म्हणलं की तो दोन्ही हातांनी देतो.

आता आमचे तीन ड्रम आहेत. गुरुवारी भजनाआधी अर्धा तास निर्माल्य निवडायला बसतो, परातीत हार ओतायचे, कात्रीने दोरा कापायचा, झेंडूच्या पाकळ्या सुट्या करायच्या, देठ वेगळे, पिना एका डबीत. हाताला झेंडूचा वास दिवसभर जात नाही. बेलाची पानं लवकर कुजत नाहीत, ती चुरगळूनच टाकावी लागतात, श्रावणातल्या सोमवारी तर दोन दोन गोण्या भरतात आणि आमची बोटं चिकट होतात. खत झालं की चाळून कागदाच्या पुड्या करतो आणि एकादशीला प्रसाद म्हणून देतो. पहिल्यांदा एका बाईंनी ती पुडी कपाळाला लावून तोंडात टाकायची तेवढी बाकी ठेवली होती, ओरडून सांगावं लागलं की काकू, तुळशीला घाला!

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. देवांचे जुने फोटो. काच फुटलेली, चौकटीला वाळवी लागलेली, लोक ते पिंपळाखाली ठेवून जातात आणि मागे वळून बघत नाहीत. काच भंगारात देतो, कागद घंगाळात भिजवून लगदा करून ड्रमात घालतो, पण लॅमिनेशन केलेल्या तसबिरीचं करायचं काय हे कुणाला सुचत असेल तर कळवा.

आणि एक मेहनत वाया गेली त्याचंही सांगते, नाव कुणाचंच घेत नाही. मागच्या वर्षी गणपतीत आम्ही निवडून, वेगळं करून, गोण्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवलेलं निर्माल्य गाडी आली आणि मिक्स कचऱ्यात घेऊन गेली. आजी तिथेच पायरीवर बसल्या. म्हणून मी म्हणते की घाटावर निर्माल्य गोळा केल्याच्या बातमीत शेवटची ओळ नेहमी राहते, ते पुढे गेलं कुठे. धर्माधिकारी प्रतिष्ठानची श्री सदस्य मंडळी घाटावर ओळीने उभी असतात, कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई असतात, त्यांनी गोळा केलेल्याचं खत होतं, हे मान्यच आहे आणि त्यांना नमस्कार. पण बाकी कलशातलं? त्या निर्माल्य कलशात मी चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या बघितल्यात.

मूर्तीबद्दल थोडंसं. आमच्याकडे सासूबाईंच्या हट्टामुळे बरीच वर्षं प्लास्टरचीच मूर्ती यायची, चेहरा रेखीव असतो म्हणून. मग पाषाणच्या एनसीएलने, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, शोधलेली ती मूर्ती विरघळवायची पद्धत केली, क्षेत्रीय कार्यालयातून अमोनियम बायकार्बोनेट फुकट मिळालं, मूर्तीच्या वजनाइतकं घ्यायचं आणि बादलीत मूर्ती ठेवायची. सासूबाई म्हणाल्या देवाला औषधात बुडवता का? मी म्हणलं आई, उत्तरपूजा झाली, गुरुजींनी मूर्ती जागेवरून हलवली, आता देवपण कुठे आहे त्यात. बादली फसफसत होती, अमोनियाचा वास नाकात बसला, मधूनमधून ढवळायला लागलं, आणि दोन दिवसांनी तळाला चुन्यासारखा पांढरा गाळ आणि वर खताचं पाणी. ते भरपूर पाणी घालून पातळ करून गुलाबाला घातलं. त्या पुढच्या वर्षी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, वासापेक्षा शाडूची आण. आता शाडूची घरीच बादलीत विरघळते आणि माती परत मूर्तिकाराकडे जाते, तशी मोहीम पुण्यात गेली काही वर्षं चालू आहे. मानाचे गणपती हौदात जातात आणि आपल्या दीड फुटाच्या मूर्तीला वाहतं पाणीच पाहिजे हा हट्ट मला कळत नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२० च्या नियमात प्लास्टरला बंदी होती, २०२५ मध्ये हायकोर्टाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली पण नदी-तलावात सोडायची नाही म्हणून सांगितलं, आणि नंतर सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम हौदातच असंही सांगितलं. पण कोर्ट आमच्या गल्लीत येऊन उभं राहणार नाही, तिथं गुरुजीच पाहिजेत.

आता कुणीतरी लगेच लिहील की बाई, नदीची खरी घाण सांडपाण्याची, तुमच्या फुलांनी काय होतंय. बरोबर आहे, मला कबूल आहे. जायका या जपानी संस्थेच्या मदतीने ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प २०१६ ला मंजूर झाला, इतकी वर्षं त्याच्याबद्दल वाचतोय, आणि आमच्या ड्रममुळे पालिकेला एका नाल्याचीही सूट मिळत नाही. पण ज्याची पिशवी नदीत पडते तो नाल्याबद्दल भांडायला जात नाही. आमच्या मंडळातल्या बायका मात्र या वर्षी पहिल्यांदा नगरसेवक इच्छुकांना गाठून विचारत होत्या की आमच्या मागच्या नाल्याचं काय, आणि ते इच्छुक गडबडले होते.

शिवाय हे काही नवीन नाही. माझं माहेर मुळशीकडचं, गावाबाहेर देवीची राई आहे, तिथली वाळकी काटकी सुद्धा कुणी चुलीला आणत नाही, आणली तर देवी कोपते म्हणून. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पुण्याच्या आसपासच्या अशा देवरायांचा अभ्यास केला तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने एवढं जंगल उरलंय. आणि आपण वटपौर्णिमेला काय करतो, मंडईतून वडाची तोडलेली फांदी आणून कुंडीत खोचून तिला सूत गुंडाळतो. सात जन्माची मागणी आणि फांदी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात! आमच्याकडे आता त्या दिवशी झाडाकडेच जातो, लांब आहे, रिक्षा करून जातो. दोघीजणी अजून फांदीच आणतात, त्यांच्याशी कोण भांडणार.

महाप्रसादाचं पण लिहायचं होतं पण पत्र फार लांबेल. गुरुद्वाऱ्यात जाऊन बघा, लंगर स्टीलच्या थाळीत, खायचं आणि लोकांनीच ताटं घासायची, आणि आपल्याकडे २०१८ ला थर्माकोलवर बंदी येऊनही भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर काय पडलेलं असतं ते आपल्या वार्ताहराला पाठवून बघा. पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा सुद्धा वाटप करणारे आपणच आणि प्लास्टिकचा ग्लास वारकऱ्याच्या हातात देणारे पण आपणच, नाव मात्र वारीचं खराब होतं.

आपल्याला एक विनंती. घाट झाडण्याचे फोटो छापाच, पण त्याबरोबर पुण्यातल्या कुठल्या कुठल्या देवळात निर्माल्याचं खत होतं याची एक छोटी यादी छापा, पत्ता आणि वेळेसकट. यादी आली की न करणाऱ्या विश्वस्तांना आपोआप लाज वाटते. निदान आमच्याकडे तसंच झालं, शेजारच्या देवळात ड्रम आला तेव्हाच आमच्या लोकांनी तिसऱ्या ड्रमाला पैसे दिले.

आपली नम्र,
भजनी मंडळातली एक,
सिंहगड रोड, पुणे

(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये.)

ता. क. कुणाकडे शिंप्याच्या जुन्या मोठ्या कात्र्या पडून असतील तर देवळात आणून द्या, धार आम्ही लावून घेऊ. आणि येताना सुकी पानं आणा, सोसायटीत झाडून जाळता ती, पोतंभर असली तरी लागतात. गुरुवारी साडेचारला आम्ही असतो.