दिसला नाही म्हणजे नाही, असे नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या ‘गोल्डन सन मॉथ’ या दुर्मीळ पतंगावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात एका पतंगाला अर्धे पान मिळाले, याचाच आधी आनंद झाला. पण शेवटचे वाक्य खटकले: बांधकामाआधी एकदा पाहणी करावी, पतंग आढळला नाही तर जागा मोकळी समजावी. गेले तीन उन्हाळे (तिकडचे, म्हणजे आपला नोव्हेंबर-डिसेंबर) मी लेकीकडे कॅनबेराला असते आणि पतंग मोजणाऱ्या हौशी मंडळींबरोबर गवतात फिरते. तेवढ्या अनुभवावर सांगते, एका फेरीत हा पतंग दिसला तरच नवल.

मुळात त्याचे उघड्यावरचे आयुष्य दोन-चार दिवसांचे. प्रौढ पतंगाला खाता येईल असे तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचे. मादी ‘वॉलबी ग्रास’ या तिथल्या मूळच्या गवताच्या ठोंबाच्या बुडाशी अंडी घालते, दोनशेपर्यंत. साधारण तीन आठवड्यांनी अळ्या बाहेर पडतात त्या थेट जमिनीत शिरतात आणि मुळे कुरतडत एक ते तीन वर्षे तिथेच राहतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे फेब्रुवारीत कुणी त्या माळावर दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसला, तरी त्याला पतंग दिसणार नाही. अळ्या मात्र त्याच्या पायाखालीच असतील.

उडण्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, तोही जागेनुसार मागेपुढे. त्यातही ऊन स्वच्छ हवे, वारा पडलेला हवा, सकाळी दहालाच पारा 20 अंशांच्या वर गेलेला हवा आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस नको. एवढे जुळले तर दहा ते दोनच्या दरम्यान नर उडतात. म्हणूनच तिथल्या केंद्र सरकारच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत एका फेरीवर भागवलेले नाही; हंगामात आठवड्याच्या अंतराने चार फेऱ्या सुचवल्या आहेत. ढगाळ दुपारी फेरी मारून ‘निरंक’ लिहिणे म्हणजे सुट्टीच्या दिवशी शाळेत जाऊन पट शून्य लिहिण्यासारखे.

आता ओळखीबद्दल. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘उडण्याच्या तयारीतला नर’ असे छापले आहे, पण मागचे पंख भडक नारिंगी आणि कडेला काळे ठिपके, म्हणजे ती मादी आहे. नावातले ‘सोनेरी’ शोभते ते तिलाच. नराचे मागचे पंख तांबूस तपकिरी, फिकटच. गंमत अशी की सोनेरी ती उडत नाही आणि उडतो तो सोनेरी नाही. तिचे मागचे पंख इतके आखूड की जेमतेम फडफडता येते. ती गवताच्या बुडाशी बसून राहते आणि वरून नर गेला की पंख उघडून नारिंगी रंग दाखवते. पहिल्या वर्षी मी सोनेरी काही उडते आहे का म्हणून क्षितिजापर्यंत बघत होते. दोन पावलांवर ती बसली होती. मंडळींपैकी एकीने माझी टोपी धरून मान खाली वळवली, तेव्हा दिसली.

आणखी एक कबुली. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या नसते; फुलपाखरू दिवसा, पतंग रात्री, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले. हा पतंग भर उन्हात उडतो आणि त्याच्या मिशांना चक्क गाठ असते. मी तिथे मोठ्याने ‘फुलपाखरू!’ म्हणाले आणि सगळे हसले.

2002 मध्ये हा पतंग तिथल्या कायद्याखाली अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आणि 2021 मध्ये त्याला ‘असुरक्षित’ या खालच्या वर्गात घेतले. मधल्या काळात योग्य दिवशी, योग्य वेळी शोधणारे वाढले आणि नव्या जागा सापडल्या, हे त्यातले मोठे कारण. जिथे तो एकदा नाहीसा झाला तिथे मात्र परत येणे अवघड. मादीला उडता येत नाही आणि नरही आपल्या गवतापासून शंभर मीटरपलीकडे सहसा जात नाही. मधे एक रुंद रस्ता आला की पलीकडचा माळ त्यांना परदेशच.

गेल्या डिसेंबरमध्ये एका सकाळी आभाळ अचानक भरून आले. तासभर फिरूनही एक पंख दिसला नाही. परत निघताना एका ठोंबाशेजारी मातीतून अर्धे वर आलेले तपकिरी कवच दिसले, पाठीवर उकललेले, आत रिकामे. कोषातून पतंग निघून गेला होता. कवच तसेच ठेवले, फोटो घेतला आणि तक्त्यात लिहिले: उडणारे पतंग, शून्य, रिकामे कोष, एक.

छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका