‘रोड’ स्थानकांच्या खुणा भंगारात जाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुर्डुवाडी–लातूर मार्गावरचे कळंब रोड स्थानक कळंबला नाही, कसबे तडवळ्याला आहे. तिथे उतरून पुढे कळंब गाठायचे, म्हणून नावात ‘रोड’. कुर्डुवाडीचे जुने नाव बार्शी रोड, तेही याच रीतीचे. तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. अशा गावाच्या स्थानकाबद्दल लिहिताना ‘इंग्रजांच्या काळातली छोटी गाडी’ एवढ्यावर थांबणे बरोबर नाही.

या मार्गावरची जुनी अरुंद रेल्वे म्हणजे बार्शी लाइट रेल्वे; ती खेळण्यातली गाडी नव्हती. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी रुळांतील अंतर अडीच फूट (७६२ मि.मी.) ठेवले आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ दिला नाही. त्यामुळे यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो वजनाचा रूळ पुरला. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. भार विभागायचा म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने इंजिनाला मोठ्या चाकांच्या चार जोड्या आणि मागे लहान चाकांच्या दोन जोड्या दिल्या. १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी गाडी सुरू झाली, १९११ मध्ये ती लातूरला आणि १९२७ मध्ये पंढरपूरमार्गे मिरजेला पोचली. दोष एकच, पण मोठा: कुर्डुवाडीला रुळांची रुंदी बदलायची, म्हणून प्रत्येक पोते आणि कापसाची प्रत्येक गाठ हमालांनी एका डब्यातून दुसऱ्यात टाकायची. वेळ जाई, मजुरी लागे, माल फुटे.

पुढे अरुंद रुळांच्या जागी रुंद रूळ आले; या रुंदीकरणात बार्शी–येडशी भागातला मार्ग धाराशिवकडे वळला आणि जुनी वाट मागे राहिली. रुळांचे तुकडे आजही कुंपणाचे खांब, गोठ्याच्या तुळया म्हणून उभे दिसतात. भंगाराच्या गाडीत चढण्याआधी ते वाचून घ्यायला हवेत.

रुळाच्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरे असतात: कारखाना, यार्डाला पौंडांत वजन, वर्ष आणि बऱ्याचदा महिन्यासाठी तेवढ्या उभ्या रेघा. तारेच्या ब्रशने गंज काढावा, त्यावर खडू आडवा घासावा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी फूटपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. ग्राइंडर लावू नये, अक्षरेच जातात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे रुळावरचे वर्ष हेच स्थानकाचे वर्ष मानणे. रूळ बदलले जात, दुसरीकडचे जुने रूळही आणून टाकले जात. त्यामुळे ते वर्ष फक्त रुळाच्या जन्माचे.

वाट शोधायला भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढावा. रेल्वेची पट्टी गट नंबरांमधून वेगळी धावताना दिसते. अरुंद मार्ग घट्ट वळणे घेई, म्हणून पट्टी आजच्या मार्गापेक्षा जास्त वळत असेल तर जुनी वाट बहुधा तीच. नावाच्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र जुन्या फलाटाला लावू नये. रुंदीकरणात भराव उंचावतो, कधी स्थानकच सरकते. फलाट, मालधक्का, पाण्याची टाकी, इंजिनात पाणी सोडणारा नळखांब यांची मापे फितीने घ्यावीत आणि टाकीचा पाया उरला असेल तर तो आधी, कारण दगड सर्वांत लवकर उचलले जातात.

माणसांचे तर त्याहून तातडीचे आहे. सांधेवाले (रूळ सरकवून गाडीची वाट बदलणारे), रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचे मुकादम, धक्क्यावरचे हमाल यांना ‘आठवणी सांगा’ म्हणू नये. लाइन क्लिअर (गाडी पुढे सोडण्याची परवानगी) कशी मिळे, सिग्नलचा हात अडकला तर काय करत, रात्री दिव्यात तेल कोण घाली, एका डब्यात किती पोती बसत, असे नेमके विचारावे. उत्तरेही नेमकी येतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ रेल्वेगाडी याच पंढरपूर–कुर्डुवाडी वाटेने गेली. पहिल्या फेरीत दहा टँकरांतून पाच लाख लिटर पाणी पोचले. १९२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने घातलेल्या वाटेचे हे देणे आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत आठवड्याला एका स्थानकाची अशी मोजमापांसह नोंद छापावी, ही विनंती. सुरुवात कळंब रोडपासून करावी आणि पावसाळ्याआधी करावी. गवत वाढले की पाया दिसत नाही.

आपला,
एक वाचक, बार्शी