ताटातले पोटॅशियम आणि पेशीतले पोटॅशियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पोटॅशियम बाहेर पडले की कॅन्सरची पेशी मरते' अशा अर्थाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यामागचे संशोधन खोटे नसते. पण त्या वाचून रुग्णाच्या घरी पोटॅशियमयुक्त शहाळ्यांची रास लागते, नाही तर केळी एकदम बंद होतात. दोन्हींचा त्या संशोधनाशी संबंध नाही.

पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल असते, रक्तद्रवात जेमतेम 3.5 ते 5. हा फरक सोडियम-पोटॅशियम पंप अहोरात्र राखतो. आयन चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातली प्रथिनांची छिद्रे. पोटॅशियमची छिद्रे उघडली की ते बाहेर धावते, मागोमाग क्लोराइड आणि पाणी जाते आणि पेशी आक्रसते. 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी ज्याला अपॉप्टोसिस म्हटले, त्या शिस्तीत होणाऱ्या पेशीमृत्यूची ही सुरुवातीची खूण. आत पोटॅशियम भरपूर असेतो पेशीची आतून कापाकापी करणारी कॅस्पेज एन्झाइमे दबलेली राहतात; ते घटले की त्यांना मोकळीक मिळते. एका केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ते खाल्ल्याने किंवा टाळल्याने कॅन्सरच्या गाठीतले एकही चॅनेल हुकमी उघडत नाही. जादा पोटॅशियम धडधाकट मूत्रपिंड लघवीवाटे काढून टाकते.

मग औषधानेच चॅनेल का फिरवत नाहीत? कारण तेच चॅनेल इतरत्रही कामाला असते. हर्ग हे पोटॅशियम चॅनेल अनेक गाठींत वाढलेले आढळते, पण हृदयाचा प्रत्येक ठोका आवरताना तेच लागते. ते अडले की ईसीजीवरचे क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय सावरेपर्यंतचा काळ, लांबतो आणि ठोके जीवघेणे बिघडू शकतात. जठराच्या तक्रारींवरचे सिसाप्राइड याच दोषापायी गेले. भारतात 2011 मध्ये त्यावर बंदी आली. म्हणून 'चॅनेल अडवून पेशी मारल्या' अशी बातमी देताना ते औषध हर्गलाही अडवते का याची तपासणी झाली का, एवढे तरी वार्ताहराने विचारावे. काचेच्या बशीतल्या पेशींना हृदय नसते!

चॅनेलचा आजच्या उपचारांशी संबंध आहे, पण तो वेगळ्या जागी. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध पेशीत शिरते त्यातली एक वाट एलआरआरसी8 प्रथिनांच्या चॅनेलमधून जाते, हे 2015 मध्ये दाखवले गेले. ती वाट बंद पडली की औषध आत कमी पोचते. हेच औषध मूत्रपिंडालाही झोंबते. मॅग्नेशियम लघवीतून वाहून जाते आणि त्यापाठोपाठ पोटॅशियमही. अशा वेळी नुसते पोटॅशियमचे सिरप पाजून आकडा वर येत नाही, कारण मॅग्नेशियम कमी असेतो मूत्रपिंड पोटॅशियम गळूच देते. त्यात उलट्या, आणि उलट्यांवर दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन स्वतःच क्यूटी लांबवणारे. याउलट मूत्रपिंड जास्तच दुखावले तर पोटॅशियम साचते, तेव्हा शहाळे घातक. त्यामुळे केळे द्यावे की नाही हे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे आकडे पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीपूर्वीच्या (सायकलपूर्वीच्या) तपासणीत मॅग्नेशियम आहे ना, हे नातेवाइकांनी विचारून घ्यावे. बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटच्या यादीत ते नसते.

पोटॅशियमचा आकडाही फसवा असू शकतो. रक्त काढताना दंडाला पट्टा करकचून बांधला, रुग्णाला मूठ वारंवार उघड-मीट करायला लावली किंवा बारीक सुईने रक्त जोरात ओढले, तर पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातले 140च्या घरातले पोटॅशियम नमुन्यात सांडते. जांभळ्या टोपणाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए असते; ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. तिच्यातले रक्त दुसऱ्या नळीत ओतले तर पोटॅशियम भलतेच चढते आणि कॅल्शियम भलतेच उतरते. अशी जोडी रिपोर्टवर दिसली आणि रुग्णाला काही त्रास नसला, तर डॉक्टरांना लगेच दाखवून, ईसीजीसोबत नमुना ताजा घ्यायला सांगावे.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, बडोदे